लायगेशनला (डीएनएचे तुकडे जोडायला) इन्सर्ट किती घ्यायचं? १:३ चं गणित कळंना

नांदेड_बायोटेक: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूय, पेट-२८ए ह्या व्हेक्टरमधी (जीन वाहून नेणाऱ्या गोल डीएनएत) ७५० बेसपेअरचा जीन, म्हणजे इन्सर्ट, टाकायचाय. दोन्हीला एनडीई-वन आन एक्सएचओ-वन ह्या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमनं कापून जेलमधून क्लीन करून ठेवलंय, व्हेक्टर २५ एनजी (नॅनोग्रॅम) पर मायक्रोलिटर आलाय आन इन्सर्ट १४. आता हे १:३ म्हणजे वजनात का? सिनियर म्हणायलेत ५० एनजी व्हेक्टरला १५० इन्सर्ट घे, पण तेवढ्याला १० मायक्रोलिटरच्या वर लागायलंय आन आख्खी रिॲक्शनच १० ची आहे. कुणीतरी नीट सांगा, उद्या लावायचंय.

परभणीची_ताई: वजनात नाही रे, रेणू मोजायचे. पेट-२८ए ५३६९ बेसपेअरचा, तुझा जीन ७५० चा, म्हणजे व्हेक्टरचा एक रेणू सात पट जड. सारखं वजन घेतलं तरी इन्सर्टचे रेणू सात पट होतात, आणि १५० एनजी घातलं तर २१ पट, मग इन्सर्ट एकमेकांनाच चिकटत बसतात.
व्हेक्टरचे एनजी × इन्सर्टची लांबी ÷ व्हेक्टरची लांबी × ३.
५० × ७५० ÷ ५३६९ × ३ = साधारण २१ एनजी.
म्हणजे मायक्रोलिटरमधी इन्सर्ट दीड, व्हेक्टर २, टेन-एक्स बफर १, टी-फोर लायगेज (जोडणारं एन्झाइम) अर्धा, पाणी ५. झाले १०.

लातूर_लॅब: ताईंचं गणित बरोबर, पण ते १४ आन २५ खरे आहेत का ते आधी बघ. नॅनोड्रॉपवर (डीएनए मोजायच्या मशीनवर) घेतलं असशील तर २६०/२३० हा शुद्धतेचा आकडा बघ, जेल किटमधलं ग्वानिडिन हे केमिकल राहिलं की ते लई खाली येतं, आन इतक्या कमी कॉन्सन्ट्रेशनला नॅनोड्रॉपच्या आकड्यावर फार विसंबू नये. दोन्ही १-१ मायक्रोलिटर जेलवर चालव, शेजारी ज्याच्या बँडचे एनजी माहितीयेत असा लॅडर (मापाचा डीएनए) लाव, डोळ्यानंच अंदाज येतो.

नांदेड_बायोटेक: बघतो दादा. टेबलावरच रूम टेंपरेचरला ठेवलं तर चालंल का?

परभणीची_ताई: प्रोटोकॉलमधलं रूम टेंपरेचर म्हणजे २२-२५ डिग्री, आपल्याकडं मे महिन्यात लॅबमधी एसी नसंल तर किती असतं तुला माहितीये. एनडीई-वननं कापलेलं चिकटायचं टोक दोनच बेसचं असतं, एवढ्या गरमीत ते धरून राहत नाही. पीसीआर मशीनमधी १६ ला रात्रभर लाव. आणि बफरमधी लायगेजला लागणारा एटीपी असतो, सारखं गोठवून वितळवून तो खराब होतो, लाईट जाऊन फ्रीजर उतरला असंल तर नवीन बफर घे, छोट्या ट्यूबमधी वाटून ठेव.

लातूर_लॅब: आन नुसता व्हेक्टर, लायगेज घालून, इन्सर्टशिवाय, अशी एक ट्यूब नक्की लाव. तिच्या कॅनामायसिन (अँटिबायोटिक) प्लेटवर पण इन्सर्टवाल्या प्लेटएवढ्याच कॉलनी आल्या तर तुझा व्हेक्टर नीट कापलाच नाही, मग १:३ करून काही उपयोग नाही.