टॅबने रकाने सरळ येणार नाहीत

नाशिक जिल्ह्यातल्या कांदाभावांच्या प्रोग्राममध्ये रकाने सरळ यावेत म्हणून गावाचं नाव आणि दर यांच्यात दोन टॅब टाका, हा इथे दिलेला सल्ला मला पटत नाही. टॅब साधारणपणे ८ च्या पुढच्या पटीतल्या जागेवर (८, १६, २४...) उडी मारतो. नाव लांबलं की आकडा सरकलाच. प्रिंटएफमध्ये (सी भाषेतलं मजकूर छापायचं फंक्शन) रुंदीच ठरवून द्या: नावाला उणे १२ (%-12s), म्हणजे ते १२ जागांत डावीकडे राहील, दराला १०.२ (%10.2f), म्हणजे १० जागांत दोन दशांश स्थळं आणि दशांशचिन्हं एकाखाली एक येतील.

नावं देवनागरीत असतील तर मात्र जपून! 'लासलगाव' दिसायला ५ अक्षरं, पण काने धरून युनिकोडची (संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांकयादीची) ७ चिन्हं, आणि ती साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत २१ बाइट. सी बाइट मोजतं, त्यामुळे १२ च्या रुंदीत एकही स्पेस भरली जात नाही. पायथन भाषा ७ मोजते, पण पडद्यावर नाव तेवढीच जागा घेईल असं नाही, म्हणून तिथेही रकाना सरकू शकतो. सुरुवातीला नावं रोमन लिपीत घ्या, आकडे नीट रांगेत येऊ द्यात.