बीडच्या ऊसतोड बायकांची पिशवी: दोष डॉक्टरांचा की फडाचा?

बालाघाटकर

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय (पिशवी) काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली, तेव्हा सगळा राग डॉक्टरांवर निघाला. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. पुढे आमदार नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती आली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहाजणींत एक! त्यावर उपाय काय निघाला, तर खासगी दवाखान्याने आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची.

माझ्या मते आजार उसाच्या फडात तयार होतो आणि बंदोबस्त मात्र ऑपरेशनच्या टेबलाशी केलाय.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, दोघांची मिळून उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडून फेडायची. एक दिवस काम न करता बसलं की खाडा, आणि खाड्यापोटी कापले जाणारे पैसे बऱ्याचदा दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त असतात. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. मोळी डोक्यावर घेऊन शिडी चढायची, पोटुशी असली तरी. राहायच्या कोपीला (पाचटाच्या झोपडीला) संडास नाही, न्हाणी नाही, पाण्यासाठी कुणाच्या तरी विहिरीवर जायचं. पाळीत फडकं धुवायला आणि वाळवायला आडोसा नाही. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. वेळेवर तपासून औषध घेतलं तर बहुतेकींचं हे बरं होतं, पण दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा. तसंच हंगामभर काढायचं. गावी परतल्यावर डॉक्टर सांगतो, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. त्याचे पैसेही मुकादमाकडूनच येतात, म्हणजे पुढचा हंगाम आधीच विकला गेला.

शल्यक

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माझ्या व्यवसायाला इतक्या सहज सोडू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २.६ टक्के होतं आणि आंध्र प्रदेशात ८.९. आंध्रातल्या त्या सगळ्या बायका काही ऊस तोडायला जात नव्हत्या. देशभरातल्या अशा शस्त्रक्रियांपैकी दोन तृतीयांश खासगी दवाखान्यांत झालेल्या होत्या. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अनावश्यक शस्त्रक्रियांची जनहित याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयाला सगळ्या राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगावं लागलं.

पांढरं जाण्यावर कॅन्सरची भीती घालणं ही फसवणूक आहे. तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं, तर हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, रजोनिवृत्ती लगेच येते. हे किती जणींना आधी सांगितलं जातं? परिस्थितीकडे बोट दाखवलं की सुरी धरणारा हात सुटतो.

कोपीतली

डॉक्टर, तुमचं बरोबर, पण माझ्या आईला कुणी फसवलं असं मला वाटत नाही. तिने स्वतः ठरवलं. सतराव्या वर्षी लग्न, विशीत दोन लेकरं, नसबंदी. त्यानंतर दर महिन्याला चार दिवस दुखणं आणि त्याच चार दिवसांत मुकादमाची बोलणी. तिचा हिशोब पक्का होता. २०१९-२१ च्या पाहणीत बीडमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली होती, कारण पोरीला कोपीत एकटी ठेवायची भीती असते आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. दोघांनीही लग्नाचं वय काढलं नाही याचं मला नवल वाटलं. आई आता कंबर धरून चालते. तिला पर्याय नव्हता हे खरं, पण तिला अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नका.

पंचगंगाकाठ

मी ऊस लावणारा. तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्याच बिलातून कापला जातो. जानेवारी २०२४ ला तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, तो शेवटी आमच्याच खिशातून गेला. आता संडास, रजा, दवाखाना हेही शेतकऱ्यानेच द्यायचं का? तोडणी यंत्रं येऊ द्या, हा प्रश्नच उरणार नाही.

बालाघाटकर

दादा, यंत्र आलं तर खाडा जाईल आणि मजुरीही जाईल. तुम्ही द्या असं मी म्हणतच नाही. कारखान्याच्या गेटच्या आत काम करणाऱ्या बाईला स्वच्छतागृह आणि प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा कायद्याने मिळते. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारी बाई मात्र कागदावर मुकादमाची. तिला कारखान्याच्या पटावर घ्या. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठीच्या महामंडळाला कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे, त्यातून तळावर संडास, पाणी आणि आठवड्याला एक नर्स द्या.

डॉक्टर, आंध्राचा आकडा मला मान्य आहे. पण तिथेही पिशवी गेलेल्यांत खेड्यातल्या, शाळा न पाहिलेल्या बायकाच जास्त आहेत. शिकलेल्या, शहरातल्या बाईला तोच डॉक्टर आधी गोळ्या का देतो?

आणि ताई, लग्नाच्या वयाचं मान्य.

शल्यक

कारण ती दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ शकते आणि तक्रारही करू शकते. म्हणूनच शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट काढून टाकायला माझा ठाम विरोध आहे. पटाचं म्हणाल तर मी तुमच्या बाजूने. पण तो होईपर्यंत किमान एवढं करा: हंगामाला निघायच्या आधी आणि परत आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येकीची तपासणी, सोबत औषधं, आणि एक कार्ड. ते कार्ड कोल्हापुरात चाललं पाहिजे आणि बेळगावातही.

कोपीतली

कार्ड द्या. पण त्या दिवसाचा खाडा कोण भरणार, तेही त्यावरच लिहा.