नेटवर्क ड्राइव्हवरचा आपोआप बॅकअप बंद करून टाकावा का?

कारकून_कोल्हापूर:
आमचं ऑफिस कर सल्लागाराचं. पाच पीसी, एक प्रिंटर आणि कोपऱ्यातल्या रॅकवर दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या पीसींना वापरता येणारी साठवणपेटी. रोज रात्री प्रत्येक पीसीचा डेटा आपोआप त्या नॅसवर जायचा, अशी सोय कॉम्प्युटरवाल्याने करून दिली होती. परवा एका पार्टीची गेल्या वर्षीची एक्सेल शीट पीसीवरून उडाली. म्हटलं काळजी नाही, नॅसवर आहे. उघडून बघतो तर त्या फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल दिवाळीच्या आधीची! मधल्या काळात स्क्रीनवर एक अक्षर आलं नाही. टास्क शेड्यूलरमध्ये (विंडोजमध्ये ठरल्या वेळी कामं चालवतं ते) बघितलं तर रोजच्या रोज 'यशस्वी'.

माझं मत आता असं झालंय की छोट्या ऑफिसात हे आपोआप प्रकरण ठेवूच नये. संध्याकाळी निघताना एकाने पोर्टेबल हार्डडिस्क लावायची, डेटाचं फोल्डर कॉपी करायचं, डिस्क काढून कपाटात ठेवायची. कॉपी झाली नाही तर समोर बसलेल्या माणसाला तिथल्या तिथे कळतं. मतं सांगा. 'लिनक्स टाका' म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

वायरमन:
अजिबात सहमत नाही. बॅकअप बंद पडणं हा एक आजार, बंद पडल्याचं न कळणं हा दुसरा. तुम्ही दुसऱ्यासाठी पहिल्याचा गळा दाबताय. आधी हे सांगा, पीसीवर विंडोज ११ प्रो आहे का आणि त्यावर २४एच२ अपडेट आलंय का? नॅसच्या शेअरला, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरला, पासवर्ड आहे का? आणि टास्क जी बॅच फाइल (कमांडची यादी) चालवतो तिच्यात काय लिहिलंय?

कारकून_कोल्हापूर:
प्रो आहे. अपडेट दिवाळीच्या सुमारासच आलं. शेअरला पासवर्ड नाही, सगळ्यांना खुला आहे. बॅच फाइल चार ओळींची आहे: झेड ड्राइव्ह (नॅसच्या शेअरला दिलेलं नाव) जोडा, रोबोकॉपी (विंडोजची कॉपी करायची कमांड) मिरर, झेड तोडा, एक्झिट शून्य.

वायरमन:
मग चोर सापडला, आणि त्याला लपवणाराही.

२४एच२ पासून प्रो आवृत्तीत बिनपासवर्डाचा, म्हणजे 'गेस्ट' म्हणून शेअरमध्ये शिरण्याचा रस्ता बंद केलाय. शिवाय जोडणीवर सही, म्हणजे एसएमबी सायनिंग, सक्तीचं केलंय. ती सही पासवर्डावरून तयार होते. पासवर्डच नसेल तर सही कशाची करणार? त्यामुळे तुमची पहिलीच ओळ फसते, झेड जोडला जात नाही, रोबोकॉपीला जागा सापडत नाही, ते हात वर करतं.

आता लपवणारा. रोबोकॉपीची तऱ्हा अशी की नव्या फाइल्स नीट कॉपी झाल्या तर ते १ हा आकडा परत देतं. शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर कुठेतरी फसलंय. पण १ बघितलं की ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं टास्क नापास झाला. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला तसंच वाटलं असणार. त्याने शेवटी 'एक्झिट शून्य' ठोकून दिलं. तेव्हापासून आत काहीही होवो, शेड्यूलरला यश म्हणूनच कळतं. ती ओळ काढा. तिच्या जागी, आकडा ८ च्या खाली असेल तर शून्य, नाहीतर तोच आकडा, अशी अट घाला. आणि हा आकडा रोबोकॉपी संपल्या संपल्या पकडून ठेवा, झेड तोडायच्या आधी, नाहीतर पुढची कमांड त्यावर पाणी फिरवते.

शून्य_आयपी:
एवढा कुटाणा कशाला? रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांत) गेस्टला परवानगी द्या, सायनिंगची सक्ती काढा, पीसी रिस्टार्ट करा. आमच्याकडे सगळ्या मशीनवर हेच केलंय. चालतंय.

वायरमन:
चालणारच हो. दाराची दोन्ही कुलपं काढली तर दार उघडतंच. कर सल्लागाराच्या नॅसवर लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, डिजिटल सहीच्या फाइल्स असतात, आणि वायफायचा पासवर्ड येणाऱ्या प्रत्येक पार्टीला दिलेला असतो. नॅसवर 'बॅकअप' नावाचा एक यूजर काढायचा, त्याला पासवर्ड द्यायचा, बाकी सगळ्यांचा लिहिण्याचा हक्क काढायचा. पाच पीसींना पाच मिनिटं.

डे_एंड_काका:
मी बँकेतून निवृत्त. धागाकर्त्याच्या बाजूने. आमच्या शाखेत डे-एंड (दिवसाचे व्यवहार बंद करणं) झाल्यावर बॅकअप घेतल्याशिवाय कुणी घरी जात नसे. टेपचे वारांप्रमाणे संच असत. घेणाऱ्याने रजिस्टरवर सही करायची, दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने बघून त्याखाली सही करायची. यंत्रावर भरवसा नव्हता म्हणून नव्हे, माणसाचं नाव त्याखाली असायचं म्हणून ते चालायचं. 'आपोआप'च्या खाली कुणाचं नाव असतं? कुणाचंच नाही. दिवाळीपासून बंद पडलं आणि पाच माणसांच्या ऑफिसात एकालाही विचारावंसं वाटलं नाही, ते यामुळेच.

कारकून_कोल्हापूर:
काका, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत.

ताळेबंद:
मी सीए आहे, आणि दोघांनाही माझा विरोध आहे.

पहिलं, हाताने कॉपीचं. तुमच्या पार्ट्यांपैकी कुणी प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि त्यांची इलेक्ट्रॉनिक हिशेबाची पुस्तकं तुमच्याकडे ठेवली जात असतील, तर २०१४ च्या कंपनी लेखा नियमांप्रमाणे त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर राहायला हवा. पूर्वी तो 'ठराविक काळाने' असला तरी चालत होतं, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून रोज लागतो. प्रोप्रायटरला हा नियम नाही. पण कंपनीच्या बाबतीत 'शनिवारी सगळे लवकर गेले, डिस्क लावायची राहिली' हे ऑडिटरला सांगून बघा. काका, बँकेत रजिस्टर चाललं कारण वर इन्स्पेक्शन होतं. आमच्याकडे मार्चअखेरीला रात्री दहाला दिवे बंद करताना कोण डिस्क लावत बसणार आहे?

दुसरं, नॅसवाल्यांचं. तुम्ही कोल्हापूरचे ना? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मी सांगायला नको. शाहूपुरीसारख्या भागात तळमजल्यावर ऑफिस असेल तर कोपऱ्यातला नॅस आणि कपाटातली डिस्क एकाच पाण्यात भिजतात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा साधा नियम आहे. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. तुमची सगळी चर्चा एकाच खोलीतल्या दोन वस्तूंवर चालली आहे.

गप्पिष्ट:
अवांतर: माझ्या टास्कला झेड ड्राइव्ह दिसतच नाही. मी लॉगिन असताना हाताने चालवला की पळतो, रात्री 'पाथ सापडला नाही'. कुणाला माहीत आहे का? (चर्चेचा काथ्याकूट चालू द्या.)

वायरमन:
मॅप केलेला ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरता असतो. 'यूजर लॉगऑन असो वा नसो, चालवा' असं निवडलं की टास्क वेगळ्या सेशनमध्ये चालतो, तिथे झेड नावाचं काही नाही. झेडऐवजी पूर्ण पत्ता द्या: दोन उलटे स्लॅश, नॅसचं नाव, एक उलटा स्लॅश, शेअरचं नाव. टास्क 'सिस्टिम' खात्यावर ठेवला असेल तर तेही बदला, साध्या नॅसला ते खातं ओळखीचं नसतं. नॅसचा आयपी राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की नॅसला नवा पत्ता मिळू शकतो, आणि टास्कमध्ये जुना आयपी लिहिलेला असेल तर तो जुन्या घराची कडी वाजवत बसतो. आणि लॅपटॉप असेल तर 'चार्जरवर असतानाच चालवा' ही खूण आधीपासून लागलेली असते, ती बघा.

शून्य_आयपी:
काकांच्या बाजूने एक दाखला देतो. गिटलॅब, प्रोग्रॅमर लोकांचा कोड ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाने चुकीच्या सर्व्हरवर जवळजवळ ३०० जीबी डेटा पुसला. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा आपोआप निघणारा डेटाबेस बॅकअप रिकामा, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप काढणारं साधन ९.२ चं. शेवटी कामाला काय आलं? एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत. हाताने!

वायरमन:
गोष्ट अर्धी सांगितलीत. बॅकअप फसल्याचे मेल जात होते. पण त्या मेलवर नीट सही नसल्याने समोरचा सर्व्हर ते परत पाठवत होता, म्हणून कुणाला पत्ता नाही. आणि हाताने घेतलेला स्नॅपशॉट त्या वेळी होता हा योगायोग. योगायोगाला पद्धत म्हणायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

यातून मी उलटं घेतो. फसलं की बोंब मारायचं काम पाठवणाऱ्याकडे ठेवायचंच नाही. पीसी मेला, वीज गेली, टास्कच डिलीट झाला, तर बोंब मारणार कोण? नॅसवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची: अमुक फोल्डरमध्ये दोन दिवसांत नवं काही आलं नाही तर मेल. शांतता हीच बातमी समजायची.

डे_एंड_काका:
आणि ती स्क्रिप्ट बंद पडली की?

वायरमन:
दर सोमवारी 'सगळं ठीक' असा मेल यायलाच हवा. नाही आला तर उठून बघायचं.

डे_एंड_काका:
म्हणजे शेवटी कुणीतरी उठून बघायचंच. तेच तर मी म्हणतोय!

ताळेबंद:
काका, तो मुद्दा तुम्हाला दिला. पण बघायचं काय? तारीख बघून भागत नाही. नॅसवर आजची तारीख असलेली फाइल उघडतच नाही, हेही होतं. दर महिन्याला कुठलीही एक फाइल नॅसवरून वेगळ्या पीसीवर आणून उघडायची आणि बेरीज जुळते का बघायची. रजिस्टरवर सही त्याची हवी.

अजून एक. वर 'रोबोकॉपी मिरर' वाचलं आणि कुणी काही बोललं नाही. मिररमध्ये पीसीवरून गेलेली फाइल त्या रात्री नॅसवरूनही जाते. तुमची शीट दिवाळीनंतर उडाली आणि बॅकअप बंद होता म्हणून जुनी प्रत तरी शिल्लक आहे. चालू असता तर तीही गेली असती.

कारकून_कोल्हापूर:
अरे देवा. म्हणजे बंद पडला म्हणून वाचलो?

वायरमन:
ताईंचं बरोबर आहे, मी चोराच्या मागे पळत होतो. मिरर ही आरशातली प्रत आहे, बॅकअप नव्हे. नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असेल तर ती चालू करा, रोज एक, महिनाभर राहू दे. खंडणीवाला व्हायरस आला तरी तो पीसीवरून शेअरमधल्या फाइल्स बिघडवेल, पण शेअरमधून स्नॅपशॉट पुसता येत नाहीत. फक्त नॅसचा अॅडमिन पासवर्ड त्या पीसींवर सेव्ह करून ठेवू नका. कारकूनसाहेबांच्या पोर्टेबल डिस्कला मी याच जागी मान देतो: आठवड्यातून एकदा नॅसवरून तिच्यावर कॉपी, आणि डिस्क ऑफिसात नाही, साहेबांच्या घरी.

कारकून_कोल्हापूर:
ताजी खबर. नॅसवर यूजर केला, 'एक्झिट शून्य' काढलं, स्नॅपशॉट चालू केले. चार पीसी रात्री व्यवस्थित गेले. पाचवा, म्हणजे साहेबांचा, सकाळी बघतो तर टास्क अजून 'रनिंग'. लॉगमध्ये आउटलुकच्या पीएसटी फाइलवर (मेल साठवतात ती) येऊन थांबलाय, दर ३० सेकंदांनी तीच ओळ.

वायरमन:
साहेब आउटलुक उघडं ठेवून घरी जातात. फाइल कुलूपबंद, रोबोकॉपी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय. त्याला सांगितलं नाही तर ते ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करतं. गणित करा, वर्षाला थोडेच दिवस कमी! टास्क शेड्यूलर त्याच्या मूळ सेटिंगप्रमाणे ३ दिवसांनी त्याला मारतो, पण तोवर 'आधीचा चालू आहे' म्हणून रोजचा नवा टास्क सुरूच होत नाही. कमांडमध्ये प्रयत्न २ आणि थांबणं ५ सेकंद असं घाला. पीएसटी मात्र आउटलुक बंद असल्याशिवाय अशी कॉपी होणार नाही. टॅलीचा डेटाही सगळ्यांनी कंपनी बंद केल्यावरच घ्या.

डे_एंड_काका:
आता मला सांगा, १० लाख प्रयत्न, ८ च्या खालचा आकडा, सायनिंग, स्नॅपशॉट, हे सगळं त्या पाच जणांत कुणाला येणार? डिस्क लावणं शिपायालाही येतं.

ताळेबंद:
शिपाई रजेवर गेला की?

डे_एंड_काका:
तो रजेवर गेलेला सगळ्या ऑफिसला कळतं, ताई. तुमची स्क्रिप्ट रजेवर गेलेली दिवाळीपासून कुणाला कळली नव्हती.

कारकून_कोल्हापूर:
ते सगळं ठीक आहे. पण जाताना आउटलुक बंद करा, हे साहेबांना कोण सांगणार?

डे_एंड_काका:
ते काम आपोआप करा.