हार्पर्स फेरी: वणवण करून आलेला किल्ला

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी गावातला जॉन ब्राऊनचा 'किल्ला' आजही मूळ जागी आहे असं कुणी म्हटलं, तर ते तेवढं बरोबर नाही. मुळात तो किल्ला नव्हेच, सरकारी शस्त्रागाराच्या आगीच्या बंबांची विटांची खोली. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ब्राऊनने ऑक्टोबर १८५९ मध्ये या शस्त्रागारावर हल्ला केला, तो तिच्यात कोंडला गेला आणि मरीन सैनिकांनी दार फोडून त्याला पकडलं. पुढे १८९१ मध्ये ती खोली उतरवून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी नेली. दहा दिवसांत प्रेक्षक किती? ११! मग परत आणून एका शेतात, १९०९ मध्ये स्टोरर कॉलेजच्या आवारात, शेवटी १९६८ मध्ये खाली गावात. मूळ जागा रेल्वेच्या भरावाखाली गेली. तिथे दगडी स्तंभ आहे, तो बहुतेकांच्या नजरेतूनच सुटतो.

बाकी गाव तीनशे वस्तीचंही नाही. पोटोमॅक आणि शेनँडोआचा संगम, समोर मेरीलँड, बाजूला व्हर्जिनिया. (संगम दिसला की आपले डोळे उगाच घाट शोधतात.) पाण्याच्या जोरासाठीच जॉर्ज वॉशिंग्टनने शस्त्रागाराला ही जागा निवडली, आणि त्याच पाण्याने गाव वारंवार बुडवलं. शेनँडोआ स्ट्रीटवरच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. सगळ्यात वरची १९३६ ची, मान वर करून बघावी लागते.