घर हललं, खोकी तशीच : सामान हलवण्याचे तुमचे अनुभव लिहा

ओसरी

डोंबिवलीहून पुण्याला येऊन आज 11 दिवस झाले. 43 खोकी होती, 29 उघडली आणि सांडशी अजून सापडलेली नाही. रोज सकाळी दुधाचं पातेलं नवऱ्याच्या जुन्या बनियनने धरून उतरवते. खालच्या दुकानात नवी मिळेल, कळतं मला. पण घरात एक असताना दुसरी आणायची नाही, हा हट्ट आहे.

बांधाबांधीचे पहिले दोन दिवस मी आदर्श होते. ‘स्वयंपाकघर – डाळी’, ‘स्वयंपाकघर – रोजची ताटं’, खाली यादी, यादीखाली रेघ. तिसऱ्या दिवशी नुसतं ‘स्वयंपाकघर’. चौथ्या दिवशी ‘इतर’. शेवटच्या रात्री एक वाजता मार्करच हरवला, त्यामुळे 7 खोक्यांवर काहीच लिहिलेलं नाही. काल त्यातलं एक उघडलं. वरती गणपतीचं पुठ्ठ्याचं मखर, मधे दोन उशा, आणि तळाशी स्टीलच्या डब्यात भिजवलेले मूग. हो, भिजवलेले. आईंनी निघायच्या दिवशी सकाळी उसळीसाठी घातले होते आणि माणसांनी ते डब्यासकट कागदात गुंडाळले, वर टेपही मारली. झाकण उघडल्यावर काय झालं ते लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे.

तर लिहा. भाड्याचं घर, बदली, पुनर्विकास, परदेश, काहीही चालेल. सल्लेही द्या, फक्त ‘माणसाने सामानच कमी ठेवावं’ हा सोडून. तो सासऱ्यांनी दिलाय.

पेटी नंबर 14

वडील बँकेत. दर तीन वर्षांनी बदली, तीही नेमकी परीक्षा संपल्या-संपल्या. मी दहावीपर्यंत पाच शाळा पाहिल्या आणि शाळा सोडल्याचा दाखला हा कागद मला माझ्या प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त ओळखीचा आहे.

वडिलांची पद्धत कडक. पत्र्याच्या 14 पेट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा. एका वहीत कुठल्या पेटीत काय त्याची नोंद, कार्बन लावून दोन प्रती, एक त्यांच्या खिशात आणि एक आईच्या पर्समध्ये. ट्रक लागला की पंखे शेवटी उतरायचे आणि नव्या गावात पहिल्यांदा चढायचे. देव मात्र ट्रकमध्ये कधीच नाही. ते आईच्या मांडीवर, पितळी डब्यात, एसटीतून.

14 नंबरची पेटी मात्र वहीत नुसती ‘किरकोळ’ अशी होती. शेवटच्या तीन बदल्यांत ती उघडलीच नाही, खोलीत आली की तिच्यावर चादर टाकून टीव्ही ठेवायचो. वडील निवृत्त झाल्यावर उघडली. आत किल्ल्या. दर गावात वडील नवं कुलूप घ्यायचे, जाताना कुलूप घरमालकाला देऊन टाकायचे आणि दुसरी किल्ली चुकून आमच्याबरोबर यायची. 23 किल्ल्या निघाल्या, कुलूप एकही नाही. आई म्हणाली भंगारात द्या. वडिलांनी दिल्या नाहीत, आता त्या पंधराव्या पेटीत आहेत.

@ओसरी, मुगांचं वाचून हसत सुटलो. सांडशी चाकू-चमच्यांबरोबर शोधू नका. ही माणसं वस्तू कशाची आहे ते बघत नाहीत, कुठे पडली होती ते बघतात.

छोटा हत्ती

आमच्याकडे पक्कड म्हणतात. सापडली का?

लाल शेरा

मी पुण्याहून नागपूरला गेलो तेव्हाचं सांगतो, कंपनीचं नाव लिहीत नाही. फोनवर एक भाव ठरला. सामान ट्रकमध्ये अर्धं चढल्यावर मुकादम म्हणाला, साहेब, हे ‘दोन बीएचके’चं सामान नाही, तीनचं आहे. अर्धा संसार ट्रकमध्ये आणि अर्धा जिन्यावर असताना माणूस कसली घासाघीस करणार? दिले.

खरा धडा पुढे मिळाला. त्यांनी सामानाची यादी करून माझी सही घेतली होती. घाईत वाचली नाही. कपाट दाराशी चेपून आलं म्हणून भांडायला लागलो तर त्यांनी यादी काढली. त्यात प्रत्येक वस्तूपुढे ‘जुने, ओरखडे, चेपलेले’ असं आधीच लिहिलेलं. तीन महिन्यांपूर्वी घेतलेला फ्रिजसुद्धा ‘जुना, ओरखडे’! तेव्हा यादी वाचा, खोटा शेरा असेल तर तिथेच खोडायला लावा, आणि बांधण्याआधी प्रत्येक मोठ्या वस्तूचे चारही बाजूंनी फोटो काढा. ट्रक तुमचा एकट्याचा आहे की वाटेत दुसऱ्याचंही सामान चढणार, हेही विचारा. माझं सहा दिवसांनी आलं. सहा दिवस आम्ही चौघे दोन सतरंज्यांवर.

आणि वॉशिंग मशीन समोरून दार असलेलं असेल तर हलवण्याआधी मागचे ट्रान्झिट बोल्ट बसवून घ्या, नाहीतर ड्रम प्रवासभर आपटतो. हे बोल्ट नवीन मशीन बसवताना मेकॅनिक काढून हातात देतो आणि आपण ते इतके जपून ठेवतो की पुन्हा दिसत नाहीत.

ओसरी

बोल्ट! ते नक्की ‘इतर’मध्ये असणार. आमचं मशीन वरून उघडणारं आहे म्हणून वाचलो. तसंही ते अजून बांधलेलंच उभं आहे. प्लंबर ‘उद्या सकाळी नक्की’ असं गेल्या शुक्रवारपासून म्हणतोय. कपडे बहिणीकडे धुऊन आणते.

सामायिक गॅलरी

वरळीची बीडीडी चाळ. आमचा जन्म 160 चौरस फुटांतला. ऑगस्ट 2025 मध्ये नव्या इमारतीच्या चाव्या मिळाल्या त्यात आम्ही होतो. 500 चौरस फूट, संडास घरात, लिफ्ट. माझे आजोबा गिरणीतून येऊन ज्या नळावर हातपाय धुवायचे त्याच नळावर मी कॉलेजला जाताना रांग लावली आहे, तेव्हा आनंद किती झाला ते विचारू नका.

सामान हलवायला टेम्पो लागला नाही. चाळीतली पोरंच होती, हातोहात नेलं. पण त्या एवढ्याशा खोलीतून जे निघालं ते बघून शेजारीण म्हणाली, अगं तुम्ही राहत कुठे होतात? पलंगाखाली 11 डबे, माळ्यावर तीन पिढ्यांची भांडी, दाराच्या मागे खिळ्याला टांगलेल्या सात पिशव्या, पिशव्यांत पिशव्या. आम्ही दर संध्याकाळी एक पलंग उभा करून दुसरा आडवा करत होतो, त्यामुळे किती सामान आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं.

नव्या घरात भिंतीतली कपाटं केली. आईने त्यात साड्या लावल्या आणि डबे पुन्हा पलंगाखाली सरकवले. म्हटलं, आई, वर जागा आहे. तर म्हणे, वर ठेवलं की हात पोचत नाही, आणि हाताशी नसलेली वस्तू आपली कशी? दार मात्र ती अजून दिवसभर उघडंच ठेवते. समोरच्यांचं बंद असतं, तेही बीडीडीचेच.

किटली

जर्मनीतून लिहितेय. इथे बरीच भाड्याची घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. म्हणजे खोली असते, भिंतीतून पाण्याचे दोन नळे आणि एक जाड वायर बाहेर आलेली, बस. ओटा नाही, सिंक नाही. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून घेऊन जातो किंवा आपल्याला विकतो. दिवेसुद्धा काढून नेतात, छताला नुसत्या तारा. आम्ही नोव्हेंबरात चावी घेतली, साडेचारला अंधार, मोबाइलच्या उजेडात खोकी मोजली.

आईचा फोन : आधी दूध उतू घाल, मग बाकीचं. शेगडी कुठली? इलेक्ट्रिक किटलीत दूध तापवलं. उतू गेलं, अगदी शास्त्राप्रमाणे पूर्वेकडे गेलं, आणि किटली त्यातच गेली. नवऱ्याने विचारलं, हे शुभ की अशुभ? मी म्हटलं, ओलं आहे, आधी पूस.

इथे नव्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो मी जपून एका खोक्यात ठेवला होता. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

दहा महिने

बंगळुरू. डिपॉझिट दहा महिन्यांच्या भाड्याइतकं, घर सोडताना त्यातून रंगाचे म्हणून एक महिना कापला. भिंतीला एक खिळा मारला नव्हता. गाडीसाठी आरटीओचं ना-हरकत पत्र आणण्याची कथा वेगळ्या धाग्याची आहे.

पळसदेव

तुम्ही सगळे सामान हलवल्याचं लिहिताय. आमच्या आजीने घर हलवलं. उजनी धरणात गाव गेलं तेव्हा. पाणी यायच्या आत पत्रे, वासे, तुळया उतरवल्या, कुऱ्हाडीने भिंत फोडून दाराची चौकट सबंध काढली आणि बैलगाडीने नव्या गावठाणात आणली. जुन्या घराला पायरी उंच होती, नव्याला नाही, त्यामुळे तीच चौकट इथे ठेंगणी झाली. पाहुणा आला की कपाळ आपटतो. बदलायचं कुणी बोललं तर आजी म्हणायची, वाकून या की.

जातं मात्र राहिलं. गाडीत जागा नव्हती, पुढच्या खेपेला नेऊ म्हणाले, पुढची खेप झाली नाही. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुनं पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, लोक फोटो काढायला जातात. आजी एकदा गेली होती आमच्याबरोबर. देवळाकडे पाठ करून चिखलात आपली गल्ली शोधत होती.

बाटला

दोन कामाच्या गोष्टी. शहर बदलत असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून डिपॉझिट घ्या आणि कागद सांभाळा, त्यावर नव्या गावात कनेक्शन मिळतं. शेगडी आपली, बाटला आपला नाही. आणि सोसायटीला आधी विचारा, आमच्या इथे सामानाला लिफ्ट दुपारी दोन ते पाचच मिळते. आमचा ट्रक साडेपाचला आला. सातवा मजला.

@ओसरी, मशीन अजून बांधलेलं आहे म्हणालात ना? ड्रममध्ये बघा. ही माणसं रिकामी जागा सोडत नाहीत.

ओसरी

बघितलं. दोरी कापायला कात्री सापडेना म्हणून विळीवर कापली.

सांडशी, दोन झारे, पोळपाट (लाटणं नाही), सासऱ्यांचा चष्मा, जो ते डोंबिवलीच्या घरात राहिला म्हणून रोज मला ऐकवत होते, आणि एक डाव्या पायाची चप्पल. नऊ नंबरची. आमच्या घरात नऊ नंबर कुणाचाच नाही.