कुंडीत मारलेली आणि जगवलेली झाडे : अनुभव धागा

माजघर :
गेल्या आठवड्यात आमच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघाले आणि सर्वांना कुंड्या हलवण्याची सूचना आली. मोगऱ्याची कुंडी हातातून निसटून फुटली, तेव्हा आत माती जवळजवळ उरलीच नव्हती. कुंडीच्या आकाराचा मुळांचा नुसता गोळा होता. तो पाहताच साताऱ्याच्या घरातला आजीचा पत्र्याचा डबा आठवला. दर दोन वर्षांनी संक्रांत उलटली की आजी त्या डब्यातून मोगरा उपसून काढायची, कडेने गोल फिरलेली मुळे कोयत्याने तासायची, फांद्या छाटायची आणि नवी माती व मुरलेले शेणखत घालून झाड पुन्हा त्याच डब्यात बसवायची. आम्हा मुलांना ते क्रूर वाटे, पण उन्हाळ्यात त्याच झाडाची फुले परडीत मावत नसत. मी मात्र सहा वर्षे वरूनच खत घालत राहिले आणि फुले येत नाहीत म्हणून रोपवाटिकेला बोल लावत राहिले. आपापले अनुभव लिहावेत. मेलेल्या झाडांना प्राधान्य.

सदाफुली :
माझ्या खात्यावर सात तुळशी आहेत. रोज आंघोळीनंतर एक तांब्या पाणी घालायचे, हा नेम मी भर श्रावणातही मोडला नाही. सातवी मान टाकू लागली तेव्हा आत्याबाईंनी मातीत बोट खुपसून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, ही तहानेने नाही, बुडून मरते आहे." मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि ती कोंडली की मुळे कुजतात, हे मला तेव्हा कळले. पंचाईत अशी की तहानलेले आणि बुडालेले झाड सारखेच कोमेजते, म्हणून आपण घाबरून आणखी पाणी ओततो. आठवी तुळस तीन वर्षांची आहे. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागल्याशिवाय मी पाणी घालत नाही आणि मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडते.

कुंडीकर :
वरच्या प्रतिसादाला जोडून एक गैरसमज सांगतो. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी दोन इंच खडी घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मीही कित्येक वर्षे घातली. परंतु बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. माती पुरती भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली झिरपते. म्हणजे चिखलाचा थर जातो कुठेच नाही, फक्त दोन इंच वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरावा; ठिबकणे थांबले की तोच उभा करावा, आणखी पाणी गळते. उथळ कुंडीपेक्षा उंच कुंडीचा निचरा चांगला होतो, तो याच कारणाने. खरा उपाय मातीतच आहे. मी लाल माती, धुतलेले कोकोपीट आणि कंपोस्ट समभाग घेतो. नुसती काळी माती कुंडीत वापरू नये. ती वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ बाहेर जाते, गाभा कोरडाच राहतो. तसे झाल्यास कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी.

खापरी :
खडीला खुशाल नावे ठेवा, भोकावरच्या खापरीला ठेवू नका. ती माती वाहून जाऊ नये म्हणून असते.

कुंडीकर :
मान्य आहे. मी नारळाची शेंडी वापरतो, पण आपल्या आयडीपुढे माघार घेतो.

परसदार_न्यूजर्सी :
इथे कढीपत्त्याची कुंडी म्हणजे घरातली आणखी एक व्यक्तीच असते. ऑक्टोबरमध्ये रात्री थंड होऊ लागल्या की ती आत येते आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत खिडकीशी बसते. पहिल्या हिवाळ्यात सगळी पाने गळली, तेव्हा मी आईच्या सांगण्यावरून आंबट ताक, कोमट पाणी आणि खत असे सर्व काही घातले. झाड मेले. दुसऱ्या झाडाचीही पाने गळली, पण आम्ही नेमके तीन आठवडे भारतात होतो, त्यामुळे त्याला कोणी हात लावला नाही आणि मार्चअखेर त्याला कोंब आले. ते थंडीत केवळ झोपी गेले होते. आईला अजून वाटते की ताक कमी पडले.

गच्चीवाला :
कोणी ड्रममध्ये आंबा किंवा पेरू लावण्याच्या विचारात असेल, तर आधी वजनाचा हिशेब करावा. ओली माती घनफुटाला साधारण 45 ते 50 किलो भरते, म्हणजे 200 लिटरचा भरलेला ड्रम तीनशे किलोच्या पुढे जातो. मी असे चार ड्रम स्लॅबच्या मधोमध मांडले होते. खालच्या घराच्या छताला ओल आली, तेव्हा बोलावलेल्या अभियंत्याने ते तुळईवर सरकवायला लावले आणि सरकवताना माझी पाठ गेली. आता मातीत वाळलेला पालापाचोळा आणि उसाचे चिपाड भरपूर मिसळतो. वजन उतरते, मात्र भर खाली बसत जाते आणि दरवर्षी वरून घालावी लागते.

सदाफुली :
पाठ आता कशी आहे? आणि कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून ठेवता ना? आमच्याकडे पालिकेच्या लोकांना ताटलीत डासांच्या अळ्या सापडल्या आणि सगळ्या मजल्यासमोर माझी शोभा झाली. आठ-दहा दिवस पाणी साचले की डेंग्यूचे डास तयार होतात.

गच्चीवाला :
पाठ बरी आहे. ताटल्या काढून टाकल्या. माजघर, त्या मोगऱ्याचे पुढे काय झाले?

माजघर :
कडेची मुळे तासून त्याला रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या डब्यात बसवले आहे आणि तळाला पाच भोके पाडली आहेत. खडी आधीच आणून ठेवली होती, ती आता तशीच पडून आहे. डबा सावलीत आहे. पाने सगळी गळली, पण नखाने साल थोडी खरवडून पाहिली, तर आत अजून हिरवे आहे.