हिरड्यांसाठी लेझर करून घ्यावं का?

चाफा०७
ब्रश करताना रक्त यायचं, त्याकडे वर्षभर कानाडोळा केला. आता डॉक्टरांनी बारीक खुणांची सळई हिरडीत घालून दात-हिरडीमधल्या फटीच्या खोलीचे आकडे सांगितले. पुढे २-३, मागच्या दाढांना ५ आणि ६ मिमी. पायोरिया म्हणे. डीप क्लीनिंग करू, सोबत लेझर घेतलंत तर उत्तम. लेझरचे पैसे वेगळे. कोणी केलंय का? आणि निळं औषध लावून लाल दिवा दाखवतात, ते हेच का?

उंटावरचा_शहाणा
मी केलंय, डायोड प्रकारचं लेझर. दुखलं नाही, पण हिरडी आधीच बधिर केलेली, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं? जळका वास मात्र येतो, आधी सांगून ठेवतो. उजवीकडे लेझर घेतलं, डावीकडे पैसे वाचवून नुसतं स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून काढणं. तीन महिन्यांनी मोजलं तर दोन्हीकडे ६ चे ४. एका तोंडाचा अनुभव हो, पुरावा नव्हे.

दंतकथा
हिरड्यांच्याच रोगांवर काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

डायोड (तरंगलांबी साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटर) मऊ हिरडीवर चालतो, मुळाला चिकटलेलं कीटण त्याने निघत नाही. एर्बियम-याग या दुसऱ्या लेझरची (२९४० नॅनोमीटर) ऊर्जा पाणी शोषून घेतं, त्याने कीटणही निघतं. त्यामुळे नुसतं 'लेझर' म्हणाले तर कोणतं, ते विचारा. निळं औषध वेगळं, ती फोटोडायनॅमिक थेरपी. मेथिलीन ब्लूसारखा रंग जंतूंना चिकटतो, त्यावर प्रकाश पडला की ऑक्सिजनचं आक्रमक रूप तयार होतं आणि जंतू मरतात. कल्पना फार देखणी. पण कीटण तिथेच राहिलं तर नव्या जंतूंना घर तयारच!

युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्केलिंगच्या जोडीला या दोन्ही गोष्टी न वापरण्याचाच सल्ला आहे. हिरडीची जादा वाढ कापायला मी स्वतः लेझर वापरते, माझं त्याच्याशी वैर नाही. मात्र 'स्केलिंगऐवजी डायोड' असं कोणी म्हणालं तर खुर्चीतून उठा. हात चुकला तर मुळाला, हाडाला चटका बसतो. लेझर चालू असताना तुमच्याही डोळ्यांना त्याचा खास चष्मा हवा.

साखर तपासली का? सिगारेट?

चाफा०७
सिगारेट नाही. साखर काठावर आहे, पण त्याचा दातांशी काय संबंध?

दंतकथा
चांगलाच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. लेझरचा विचार नंतर. आधी डीप क्लीनिंग, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लेनिंग (मुळं गुळगुळीत करणं), घरी दातांच्या फटींतले ब्रश, आणि तीन महिन्यांनी पुन्हा सगळे आकडे. पहिल्या आकड्यांचा कागद आजच मागून घ्या. तेव्हाही ६ राहिले तर शस्त्रक्रियेचं बोलू.

चाफा०७
कागद घेतला. फटींचे ब्रशही आणले, तीन मापांचे. सगळ्यात बारीकही पुढच्या दातांत शिरत नाही, मागे मात्र जाडही सैल बसतो. माझंच काही चुकतंय का?

उंटावरचा_शहाणा
नाही हो. पुढे दोरा, मागे ब्रश. माझ्या मगात चार रंगांचे उभे असतात, घरचे त्याला फुलदाणी म्हणतात.